किल्ले बघायला

देलेग, ३ नोव्हेंबर

दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पार्सलमध्ये घालते आहे. पार्सल तू उघडशीलच. आईने दोन कुई भाजलेत, चुलीमागच्या पिंजऱ्यातले सगळ्यांत जाड. पाय आवळून, चांदीच्या कागदात गुंडाळून. त्यांच्याखाली सोललेला मका. मक्याच्या खाली मी.

काल मृतांचा दिवस, बाबांच्या थडग्यावर जाऊन आलो. आईने जांभळी पेज केली होती आणि पावाच्या बाहुल्या भाजल्या होत्या. एक बाहुली तुझ्या नावाची. ती तिने थडग्यावर ठेवायला काढली. मी म्हटलं, "अगं, दादा जिवंत आहे." ती म्हणाली, "मग तू खा." मी खाल्ली.

तुझं शेवटचं बोलणं माझ्या लक्षात आहे. "एक जातो, एक राहतो. असं आपलं ठरलं होतं." मग तू फोन ठेवलास. कधी ठरलं होतं? तू निघालास तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि मला कुणी काही विचारलं नव्हतं. सकाळी उठले तर तुझी खाट रिकामी. आई म्हणाली, मेक्सिको ओलांडून अमेरिकेत पोचला की फोन करेल.

भांडण काढत नाही. जे फोनवर पूर्ण सांगता आलं नाही, तेवढं सांगते.

जर्मनीचा एक व्हिसा आहे. हातात नोकरी नसली तरी मिळतो. अंगात कसब हवं, त्याचा दाखला हवा, त्यांची भाषा थोडी यायला हवी. मग वर्षभर तिथे राहून काम शोधू देतात. उजळ माथ्याने, विमानाने. शिक्षण, अनुभव, भाषा, वय, प्रत्येकाचे गुण धरतात. माझे काठोकाठ भरतात, एकही जास्तीचा नाही. मेच्या शेवटी मला पस्तीस पूर्ण होतात. मग वयाचा एक गुण जातो आणि मी बसत नाही. म्हणून याच वर्षी. वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधी दाखवावे लागतात, ते माझ्याकडे आहेत. तुझ्याकडे काही मागत नाही.

तू विचारलंस, आईजवळ कोण. मी वाईट आहे म्हणून तुला हा प्रश्न सुचला नाही, हे मला कळतं. तू येऊ शकत नाहीस. आलास तर तुला परत आत घेणार नाहीत आणि तुझी पोर, अ‍ॅश्ली, तिकडे राहील. पण मी येऊ शकेन. ज्याच्याकडे कागद असतो तो येऊ-जाऊ शकतो. एवढंच मला सांगायचं होतं.

आईचा गुडघा जुनाच आहे. नवीन काही नाही.

नुबे


कुएन्का, ८ डिसेंबर

दादा,

पार्सल पोचल्याची सही आली. तुझी नाही, अ‍ॅश्लीची असावी. कुई तिने खाल्ला का, आई विचारते. आईने कुठेतरी ऐकलं, की तिकडची मुलं कुईंना गिनीपिग म्हणतात आणि लाडाने पाळतात. मी म्हटलं, आपणही पाळतोच.

टूलरूमचं लिहिते, कारण त्याबद्दल आपण कधी बोललोच नाही. मी शेगड्यांच्या कारखान्यात आहे म्हणजे शेगड्या जोडते असं तुला वाटतं. ते दुसरे करतात. ज्या डायमध्ये पत्रा दाबला की शेगडीचा वरचा भाग होऊन बाहेर येतो, ती डाय मी करते. पोलाद कापायचं, ग्राइंडरवर आणायचं, शेवटी दगडाने हाताने घासायचं. डोळ्याला न दिसणारा फरक राहिला तर पत्रा कोपऱ्यात फाटतो. फाटला की सगळे माझ्याकडे बघतात. नाही फाटला की कुणीच बघत नाही. मला ते आवडतं.

आता डाय समुद्रावरून येतात, लाकडी खोक्यांत बसून. आम्ही खोकी उघडतो. आमच्या टूलरूमचे मास्तर आरेवालो म्हणाले, "नुबे, आपण सुतार झालो बघ. खिळे उपटायचे आणि घरी जायचं."

मास्तरांनीच अनुभवाचा दाखला दिला. त्यात माझ्याबद्दल जे लिहिलंय ते त्यांनी तोंडावर कधी म्हटलं नसतं. सही करताना म्हणाले, "तिथे गेलीस की त्यांना सांग, आमचा ग्राइंडर तुमच्याच मुलखातला आहे. म्हातारा झाला, पण अजून चालतो. तो इकडे आला तेव्हा त्याला कुणी व्हिसा मागितला नव्हता."

भाषेच्या परीक्षेत पास झाले. मुलाखतीची तारीख मिळाली, फेब्रुवारीत, कितोला. तारखेची वाट बघण्यातच लोकांचं वर्ष जातं. मला कुणाची तरी रद्द झालेली मिळाली. नशीब म्हणायचं.

आईला सांगितलं. ती मका निवडत होती. म्हणाली, "तिकडे मका मिळतो का?" मी म्हटलं, मिळतो, गोड असतो. ती म्हणाली, "गोड मका म्हणजे गुरांचा."

नाताळला तरी फोन कर. मला नको, तिला.

नुबे


देलेग, २८ जानेवारी

दादा,

मंगळवारी मी देलेगला कशी, असं तुझ्या मनात येईल. रजा घेतली आहे.

नाताळला तू आईला फोन केलास हे चांगलं केलंस. मी शेजारीच बसले होते. तू माझी चौकशी केली नाहीस. आईने तुझ्या वतीने खोटंच सांगितलं, "तुलाही आशीर्वाद म्हणतोय."

परवा दोन्या एस्तेला आल्या. तुला आठवत असतील त्या बाई, चर्चच्या मागे राहतात. अमेरिकेने त्यांना पाच वेळा नाकारलं. त्यामुळे व्हिसाच्या बाबतीत गावात शेवटचा शब्द त्यांचा. ज्यांना मिळाला ते निघून गेले, सल्ला द्यायला उरल्या त्या. येताना आणखी दोन बायका घेऊन आल्या. आईने सगळ्यांना कॉफी दिली आणि स्वयंपाकघरात माझी परीक्षा सुरू झाली.

"कपडे साधे घाल. पण फार साधे नको. गरीब दिसलीस की संपलं."

"दोन्या एस्तेला, ही अमेरिका नाही."

"काचेपलीकडचे सगळे सारखेच असतात गं पोरी. मुळं दाखव त्यांना, मुळं! तू उपटून येणार नाहीस अशी खात्री पटली पाहिजे. घर, जमीन, आई, नवरा."

"नवरा नाही."

"तेच तर! बिननवऱ्याची बाई म्हणजे मोकळं ढोर. माझा पुतण्या आहे बघ, सेगुंदो. लग्न करू नकोस, नुसता फोटो काढ त्याच्याबरोबर."

"त्याला दात नाहीत," दुसरी म्हणाली.

"मग तोंड मिटून काढेल!"

आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

मग मी वकिलातीचा कागद आणला आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. या व्हिसासाठी 'मी काम शोधायला जाते आहे' असंच सांगायचं असतं. तेच त्यांना ऐकायचं असतं. काम करायचं नसेल तर हा व्हिसा नाहीच. दोन वेळा वाचलं.

"असं ते लिहितात," दोन्या एस्तेला म्हणाल्या. "लिहिणार नाहीत तर पकडणार कसे?"

आईने कप गोळा केले. मला विचारलं, "म्हणजे काम करणार, असं सरळ तोंडावर सांगायचं?"

"हो, आई."

"आणि ते रागावणार नाहीत?"

"नाही. त्यांना माणसं हवी आहेत."

ती कप धूत राहिली. स्वच्छ झालेले कपही तिने पुन्हा धुतले.

तू पैसे पाठवून बांधलेल्या घराच्या वरच्या मजल्यावर पाणी झिरपतं आहे. मी डांबराची पट्टी लावली. पावसाळा काढेल.

नुबे


कितो, २० फेब्रुवारी

दादा,

मुलाखत झाली. बसला वेळ आहे, म्हणून स्टँडवर बसून लिहिते.

इथे गार आहे. आपल्याकडच्यासारखं नाही, कोरडं. वकिलातीतली बाई तरुण होती, माझ्याहून लहान. आपली भाषा चांगली बोलत होती. आवाज काचेतल्या जाळीतून यायचा. तिने दाखले बघितले, मास्तरांचं पत्र पूर्ण वाचलं. एका ठिकाणी हसली. कुठे ते मला उलट्या बाजूने दिसलं नाही. भाषेचे चार प्रश्न तिने जर्मनमध्ये विचारले. मी नीट उत्तरं दिली. ती म्हणाली, छान.

मग आणखी थोडं बोलणं झालं.

फाइलमधून तुझ्या घराचे कागद निघाले. मी ठेवले नव्हते, आईने घातले असणार. घर माझ्या नावावर आहे, कारण सही करायला तू इथे नव्हतास. कागदांबरोबर फोटोही होता, तिन्ही मजल्यांचा, गच्चीवरच्या सिमेंटच्या गरुडासकट. मी तो दाखवला. तुला विचारून दाखवायला हवा होता. रागावू नकोस.

ती म्हणाली, उत्तर टपालाने येईल.

जेवले नाही, भूक नव्हती. समोर एक बाई भाजलेली केळी विकते आहे. माझ्याकडे बघून म्हणते, "घे गं, रडणाऱ्याला स्वस्त देते." मी रडत नाही. इथे धूर आहे.

बस लागली.

नुबे


देलेग, ३० मार्च

दादा,

उत्तर आलं नाही अजून.

या पार्सलमध्ये भाजक्या सातूचं पीठ आहे आणि चीज. चीज पोचेपर्यंत टिकेल का माहीत नाही. पार्सलवाला म्हणाला, टिकतं. तो सगळ्याला टिकतं म्हणतो.

आई रोज दुपारी फाटकाशी जाऊन उभी राहते. टपालवाला आठवड्यातून एकदाच येतो, तरी ती रोज जाते. परत येऊन म्हणते, "आज काही नाही." तिच्या बोलण्याचा सूर कळत नाही. मी खूप वेळ ऐकते, पण कळत नाही.

एक विचारायचं होतं. तू कधी काचेसमोर उभा राहिला नाहीस. तू नदीतून गेलास. तुला वाटेत कुणी काही विचारलं का? तिकडे कशाला चाललास, असं? आणि विचारलं तर तू काय सांगितलंस? खरं सांगितलंस का?

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. आजवरही चाललंच आहे.

नुबे


देलेग, २२ एप्रिल

दादा,

नाकारला.

ईस्टरच्या आधी, पवित्र आठवड्यात आला कागद. 'अर्जदाराचा प्रवासाचा हेतू विश्वासार्ह वाटत नाही.' दोन भाषांत. मी दोन्हींत वाचला. दोन्हींत तेच होतं.

आता तुला सगळं लिहिते. कुणाला तरी सांगायला हवं आणि तू उलट बोलणार नाहीस.

रजा नव्हती. टूलरूम नाताळच्या आधीच बंद झाली. मास्तरांना घरी पाठवलं, मला शेगड्या खोक्यात भरायला ये म्हणाले. मी नाही म्हटलं. वाटलं, फेब्रुवारीपर्यंतचाच प्रश्न आहे. तुला लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास, बघ, तुला तर काम गेलं म्हणून जायचंय.

मुलाखतीचं तुला लिहिलं ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. जर्मनमध्ये चार प्रश्न झाले, ती छान म्हणाली, इथपर्यंत खरं. मग ती पुन्हा आपल्या भाषेत बोलायला लागली. मला वाटतं, मला मोकळं वाटावं म्हणून. तिने पेन खाली ठेवलं आणि सहज विचारलं, "मग, तिकडे जाऊन काम करायचा विचार आहे?"

मी म्हटलं, "नाही, मॅडम."

दादा, मला हे समजावून सांगता येत नाही. जर्मनमध्ये विचारलं असतं तर मी बरोबर बोलले असते. पहिल्या धड्यातलंच वाक्य होतं ते, मला काम करायचं आहे. ग्राइंडरच्या आवाजात मी ते मोठ्याने म्हणायचे, मास्तर वैतागायचे. पण तिने आपल्या भाषेत विचारलं. समोर काच, काचेत जाळी, पलीकडे गोरा चेहरा. ते उत्तर मी दिलं नाही. ते तोंडात आधीपासून होतं.

तुला आठवतं ना? बाबांची गुआयाकिलच्या अमेरिकन कॉन्सुलेटची तारीख आली की आपल्याकडे कॉन्सुल-कॉन्सुल चालायचं. आई मोठी चाळणी तोंडासमोर धरून ओट्यामागे उभी राहायची आणि आवाज बदलून विचारायची, "तिकडे काय करणार?" आपण सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "फिरणार, बघणार, परत येणार!" "काम करणार?" "नाही, साहेब!" अडखळलं की पळीचा फटका. तू कितीदा अडखळायचास. मला एकदाही पळी लागली नाही. माझं पाठ होतं. बाबा म्हणायचे, पोरगी बघा, हिला कुणी पकडणार नाही.

वकिलातीतली बाई गोंधळली. म्हणाली, "नाही?"

तेव्हाही वेळ होता. मी म्हटलं, "नाही. मी परत येणार. माझं घर आहे." आणि घराचा फोटो काचेखालून सरकवला.

तिने फोटो बघितला. म्हणाली, "छान घर आहे. पण बाई, हा काम शोधण्याचा व्हिसा आहे. मग तुम्हाला तिकडे कशासाठी जायचंय?"

मी म्हटलं, "बघायला."

"काय बघायला?"

मी म्हटलं, "किल्ले."

तिने माझ्याकडे बघितलं. वाईट नजरेने नाही. उलट मला वाटतं, ती थांबली होती. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबली होती. तिच्या मागे भिंतीवर एक घड्याळ होतं, ते बघत मी गप्प राहिले. खोटं बोलताना पकडलं जाऊ नये म्हणून जशी गप्प राहते, तशी. आणि खरं तर मला फक्त खरं बोलायचं होतं. आयुष्यात एकदाच कुणीतरी विचारलं, की तुला काम करायचंय का, आणि हो म्हटलं की देणार होते.

मग तिने पेन उचललं.

पुन्हा अर्ज करता येतो, असं कागदाच्या शेवटी आहे. पण तारीख मिळायला वर्ष लागतं आणि मेच्या शेवटी माझा तो गुण जातो. मग कितीही खरं बोलले तरी बेरीज होत नाही.

आईला मी त्याच दिवशी सांगितलं, सगळं, किल्ल्यांसकट. ती बारा धान्यांचं आमटीसारखं सूप ढवळत होती. तिने ढवळणं थांबवलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहू की नको ते ठरत नाही. लिहिते. कितोच्या बसमध्ये मी चढत होते तेव्हा आईने आशीर्वाद दिला, कपाळावर क्रूस काढला, आणि कानात म्हणाली, "काम म्हणू नकोस हं."

मी तिला तो कागद वाचून दाखवला होता. दोन वेळा. ती ऐकत होती.

शुक्रवारी जेवताना विचारलं. "आई, मी तुला वाचून दाखवलं होतं ना, काय सांगायचं ते?"

"दाखवलं होतंस की."

"मग बसपाशी तसं का म्हणालीस?"

तिने माझ्याकडे बघितलं. डोळे स्वच्छ होते. मी खूप शोधलं त्यांत, काही नव्हतं.

"खरं सांगणाऱ्याला कुणी कधी व्हिसा दिलाय?" ती म्हणाली. "तुझ्या भल्याचं म्हणून बोलले." मग माझ्या ताटलीकडे हात केला. "वाढू अजून? मासा तळाशी राहिलाय."

मी म्हटलं, वाढ.

नुबे


देलेग, १२ मे

दादा,

काल मातृदिनाला तुझा फोन आला. आईशी बोललास, नेहमीसारखं. मग म्हणालास, "नुबेला दे." आईने आनंदाने फोन माझ्या हातात दिला. आठ महिन्यांनी तू माझ्याशी बोललास.

तू छान बोललास. मी हे वाकडं लिहीत नाही. इतकं छान तू निघून जायच्या आधी बोलायचास. म्हणालास, "अगं, किल्ले? किल्ले म्हणालीस तू त्या बाईला?" आणि तू हसायला लागलास. तुझं ते हसणं, श्वास अडकल्यासारखं, मी विसरले होते. आई माझ्या शेजारून हसली. मग मीही हसले. आम्ही तिघं किती वेळ हसत होतो. अ‍ॅश्लीने मागून इंग्रजीत विचारलं, काय झालं, आणि तू तिला सांगितलंस, माझी बहीण राणी आहे, तिला किल्ला हवा होता.

मग म्हणालास, "जाऊ दे. झालं ते बरंच झालं. तिकडची थंडी तुला सोसली नसती." तू सोळा वर्षं बर्फात इमारतींवर चढतोस.

आणि म्हणालास, आता मला झोप लागते.

ते मला खरंच बरं वाटलं. तुला झोप लागत नव्हती हे मला माहीत नव्हतं. तू आठ महिने माझ्यावर रागावलेला नव्हतास, घाबरलेला होतास. आईही घाबरली होती. आता ती फाटकाशी जात नाही. भाजी घेते तेव्हा दुकानात सांगते, "माझी नुबे इथेच आहे. तिला जाता आलं असतं, पण ती राहिली." दोन्या एस्तेलांनी मला गच्च मिठी मारली. "एकदा नकार आला की भीती मोडते," म्हणाल्या. माझ्या लक्षात आलं की दोन माणसं सोडली तर या गावात कुणालाच माझ्या जाण्याचं काही वाटत नव्हतं. आणि ती दोन माणसं सुखात आहेत.

मी कुणावर रागवायचं तेच मला कळत नाही. तू काही केलं नाहीस. आईने काय केलं ते मला कधीच कळणार नाही आणि मी पुन्हा विचारणार नाही. ती सत्तरीची आहे. माझ्या हातचा कप घेते तेव्हा दोन्ही हातांनी घेते. ती आणखी वीस वर्षं जगो, असं मी म्हणते आणि मनापासून म्हणते. म्हणून झाल्यावर कप विसळायला नेते.

तू म्हणालास, अझोगेसला चाव्यांचं दुकान टाक, चाव्या करणं तुझ्या हातचा मळ. परवा जाऊन एक दुकान बघून आले. यंत्रात एका बाजूला जुनी किल्ली लावायची, दुसऱ्या बाजूला कोरी. एक फिरली की दुसरी आपोआप तशी कापली जाते. मालक म्हणाला, "शिकायला फार तर एक सकाळ लागेल, सिन्योरिता." मी म्हटलं, बरं.

मास्तर आरेवालो भेटले होते बाजारात. जुना ग्राइंडर भंगारात गेला म्हणाले. वजनावर. आणखी काही बोलायचं होतं त्यांना, पण त्यांनी कांदे घेतले आणि गेले.

कुएन्काची खोली सोडली. सामान एका टेम्पोत आलं. तू म्हणालास तसं तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले आहे. एवढ्या मोठ्या जागेत मी पहिलीच राहणारी. बोललं की आवाज परत येतो. फरशीवर अजून कामगारांच्या बुटांचे सिमेंटचे ठसे आहेत, ते मी आज घासून काढले. दगडाने, हाताने. चांगले निघाले.

आणि तू म्हणालास, पडदे लाव, म्हणजे घर राहतं वाटेल, मला फोटो पाठव. त्या काचा तू निवडल्या होत्यास, आरशासारख्या. बाहेरून आतलं काही दिसत नाही. रस्त्यावरून बघणाऱ्याला त्यांत फक्त डोंगर आणि ढग दिसतात. पडदे लावले तरी फोटोत ते येणार नाहीत. तरी आतून घेतलेला पाठवेन.

कापड बघून ठेवलं आहे. करडा आहे आणि विटकरी आहे. करडा मळत नाही, विटकरी आईला आवडतो. तुला कोणता हवा ते सावकाश कळव. मी इथेच आहे.

नुबे